दाताळं फिरलेल्या ओळी

माणसाचं तोंड दिसेनासं झालं तरी चाल ओळखू येते. लांबून कोण येतंय ते खांद्याच्या उतारावरून कळतं, पाऊल टाकायच्या लयीवरून कळतं. नागामी शिगेहारू गेल्या वर्षापासून आपल्याच हातच्या कामाला असे चालीवरून ओळखत होते.

त्यांचं ऑफिस मात्सुए गावात, शिंजी तळ्याच्या काठाला, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी तळ्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्यांच्या होड्या दिसायच्या, दुपारी नुसतं राखाडी पाणी. ऑफिसचं काम समोरच्या बेटांना जाणाऱ्या फेरीबोटींचं. वारा कुठला, लाट केवढी, बोट सुटणार की नाही, सुटली तर बेटाच्या कुठल्या धक्क्याला लागणार, हे ठरवणारा प्रोग्राम इथे सांभाळला जाई. बेटांवरच्या धक्क्यांवर जी पाटी उजळते, तिची अक्षरं इथून निघत. त्यातला धक्क्यांचा भाग नागामींनी तरुणपणी लिहिला होता आणि पुढे तुळशीच्या कट्ट्यासारखा निगुतीने राखला होता.

साठी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे ते निवृत्त झाले, आणि रिवाजाप्रमाणेच दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसले. पगार निम्मा आणि करार एका वर्षाचा, दर वसंतात नव्याने करायचा. एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला फुकुमा आता त्यांचा विभागप्रमुख होता. फुकुमा अजून त्यांच्याशी बोलताना खुर्चीतून अर्धा उठायचा, आणि नागामी त्याला दर वेळी हाताने खाली बसवायचे.

डोळ्यांचं फक्त नोबुएला, त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाला होता, "पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा राहतील." म्हणजे असं, की ज्या गोष्टीकडे बघावं ती गोष्टच धुक्यात जायची, आणि जिच्याकडे बघत नाही ती स्वच्छ दिसायची. ताटातल्या माशाकडे पाहिलं की मासा नाही, भोवतीची मुळ्याची चकती मात्र लख्ख. वसंतात करार करताना फुकुमा सगळ्यांना विचारायचा, "तब्येत ठीक आहे ना?" ठीक नसली तर करार नाही. एवढं सरळ होतं ते.

म्हणून त्यांनी एक वाट काढली. फाइल उघडायची आणि अक्षरं मुंगीएवढी होईपर्यंत ती लहान करायची. मग नुसते आकार उरत. त्यांनी कोड लिहिताना जुन्या माणसांच्या सवयीने मोकळ्या जागेची कळ दाबून दाबून ओळी एकाखाली एक लावलेल्या होत्या. माकुरा बेटाचे धक्के पायऱ्यांसारखे खाली उतरत जायचे. हाशी बेटाचे धक्के म्हणजे लांब शेपटीचा पक्षी. वादळाचे नियम मधे फुगलेले, पोटुशीसारखे. डोळ्याच्या कडेने आकार हेरायचा, तिथे जायचं, आणि मग अक्षरं ताटलीएवढी करून एकेक वाचायची. वेळ लागायचा. पण वेळ लागणं साठीनंतर शोभून दिसतं. लोक म्हणत, नागामीसान किती विचार करून काम करतात!

आणि अशा वेळी कादोवाकी चिहायाने आपलं हत्यार तयार केलं.

कादोवाकी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. तिशीची, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. ऑफिसात तीन पिढ्यांचा कोड होता आणि तो तीन वेगवेगळ्या भाषांतला. प्रत्येक लिहिणाऱ्याची ओळ मांडायची तऱ्हा निराळी. कुणी कंस खालच्या ओळीवर टाकी, कुणी वरच्याच. कुणी दोन घरं सोडी, कुणी आठ. नव्या माणसाला प्रोग्राम कळायच्या आधी लिहिणाऱ्याचा स्वभाव कळून घ्यावा लागे. कादोवाकीने असं एक हत्यार केलं, की त्याला भाषा कुठली याचं सोयरसुतक नाही. त्या भाषेचं व्याकरण तेवढं भरवायचं, की ते सगळ्या ओळी उचलून एकाच शिस्तीत लावून देई. काम तेच, अर्थ तोच, फक्त मांडणी सारखी. तिने त्याचं नाव ठेवलं कुमादे, म्हणजे बांबूचं दाताळं. अंगणातला पाचोळा ओढून माती सारखी करतात ना, ते.

उन्हाळ्यापासून ती आपला कोड नागामींकडे पाठवत होती. "वाचून सांगाल का?" तो कोड नव्या भाषेतला, त्यांना ओळखीचा एकही आकार त्यात नव्हता. दोन-तीनदा त्यांनी वाचायचा प्रयत्न केला, एकेक अक्षर ताटलीएवढं करून. अर्ध्या पानावर डोळे पाझरायला लागले. मग ते म्हणाले, "वाचलं. छान आहे." ती लाजून हसली होती. ते हसू त्यांना दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं.

शरद ऋतूत, मंजुरीचा कागद फिरवायच्या आधी, ती त्यांना गच्चीवर गाठायला आली. त्यांच्याकडे असंच असतं. मीटिंगमध्ये कुणी कुणाला अडवत नाही. अडवायचं ते आधी, एकेकट्याला गाठून विचारलेलं असताना. मीटिंग नुसती नमस्कारापुरती.

"नागामीसान, दोन मिनिटं आहेत?"

"आता मिनिटंच उरलीत. घे पाहिजे तेवढी."

"कुमादे सगळ्या कोडवर फिरवायचं म्हणतेय. तिन्ही भाषांवर, एकाच दिवशी. आणि पुढे रोज, कुणी काही बदललं की आपोआप."

"फिरव की."

"तसं नाही. अडचण असेल तर आत्ता सांगा. मागाहून सांगितलंत तर फुकुमासानांचं तोंड बघवत नाही, खारवलेलं आलुबुखार चावल्यासारखं आंबट होतं."

नागामी हसले. ती मात्र हसली नाही. कठड्याला टेकून म्हणाली, "तुमची ती धक्क्यांची फाइल. मी तिच्यावरच शिकले. इतकी मन लावून मांडलेली दुसरी फाइल नाही आपल्याकडे. मी सगळ्यांना सांगितलंय की अपवाद कुणालाच नाही, एकाला दिला की दहा जण उभे राहतात. पण तुम्ही म्हणत असाल तर तेवढी एक सोडते. एका ओळीचं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

दार असं सताड उघडं होतं. 'सोड' म्हटलं असतं की झालं. पण ती विचारील, का? आणि का याचं उत्तर डोळ्यात होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ते स्वतःशीही धड कबूल करत नव्हते. म्हाताऱ्याचं अंगण तेवढं झाडायचं राहू द्या, असं ऑफिसभर कुणी दबक्या आवाजात बोललेलं त्यांना सोसलं नसतं.

"तुझं दाताळं सगळ्यांच्या दारात फिरणार आणि माझ्याच दाराशी थबकणार? छे! माझी काही अडचण नाही."

"नक्की?"

"नक्की गं बाई. लिहून देऊ?"

तिने इतकं खाली वाकून नमस्कार केला की गळ्यातलं ओळखपत्र कठड्यावर आपटलं.

मग कागद फिरला. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत शिक्का मारायचा. धाकट्याने वरच्याच्या चौकटीकडे किंचित झुकता मारायचा, शिक्क्यानेही वाकावं म्हणून. नागामींना चौकट दिसत नव्हती. चौकटीकडे बघितलं की चौकट जायची. त्यांनी अंदाजाने शिक्का टेकवला. तो चौकटीच्या बाहेर, फुकुमाच्या नावाखाली आडवा पडला.

कादोवाकी फिस्सकन हसली. "अगं बाई! नागामीसान, तुमच्या शिक्क्याने तर साष्टांग दंडवत घातलाय."

"मोठ्या माणसापुढे पडून घ्यावं," नागामी म्हणाले. सगळे हसले. फुकुमाने कागद हातात घेऊन तो शिक्का निरखून पाहिला. मग तोही हसला.

कुमादे फिरलं त्या सकाळी नागामींनी फाइल उघडली, लहान केली, आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघितलं. पायऱ्या नव्हत्या. पक्षी नव्हता. डावीकडून सारख्या अंतरावर सुरू होणाऱ्या, सारख्याच दिसणाऱ्या ओळी, शाळेच्या मैदानात गणवेशात उभी केलेली पोरं जशी. आपलं पोर त्यात कुठलं, ते त्याच्या आईलाही कळू नये. काहीही मोडलं नव्हतं. प्रोग्राम जसाच्या तसा चालत होता, बोटी वेळेवर सुटत होत्या. कुणाकडे तक्रार करावी असं काहीच घडलं नव्हतं.

त्यांना आईची आठवण झाली. त्यांचा जन्म बेटावरचा. ओहोटीला शेवाळ गोळा करताना आई स्वतःशीच म्हणायची:

लाटे बाई लाटे, किती गं शहाणी
वाळूची कहाणी, पुसून गेली
माझ्या लेकराचं, पाऊल एवढंसं
तेवढं गं कसं, ठेवलं नाहीस

लाटेला कुणाचं पाऊल कसं कळावं? लाट आपल्या कामात चोख असते.

त्या संध्याकाळी नोबुएने तिसऱ्यांचं सार त्यांच्यापुढे ठेवलं आणि वाटी त्यांच्या हातात नेऊन टेकवली.

"अहो, सांगून टाका आता."

"सांगितलं की वसंतात करार नाही."

"नाही तर नाही. मी मुळे लावीन, तुम्ही उपटा. त्याला डोळे लागत नाहीत."

"तुझे मुळे उपटायला मी चाळीस वर्षं डोकं झिजवलं का?"

"डोकं शाबूत आहे, डोळे झिजलेत. तेवढंच सांगायचंय. जीभ का झिजेल एवढ्याशानं?" ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "ती पोरगी तुम्हाला देव मानते. तिला तरी सांगा."

देव मानते म्हणूनच सांगवत नव्हतं.

थंडी पडली, तळ्यावर हंस उतरले. नागामी आता आकाराऐवजी शोध घेऊन काम करत. एखादं नाव टाकलं की ते जिथे जिथे असेल ती सगळी ठिकाणं समोर येत. एकेका ठिकाणी अक्षरं मोठी करायची, वर सरकून बेट कुठलं ते बघायचं, परत खाली यायचं. पूर्वी जे एका कटाक्षात व्हायचं त्याला आता अर्धी सकाळ जाई. ते घरून लवकर निघू लागले.

असंच एक काम आलं. माकुरा बेटाच्या पश्चिमेच्या धक्क्याची दुरुस्ती निघाली होती. तोवर तिथल्या सगळ्या बोटी, वारा कसाही असो, पूर्वेच्या धक्क्याला लावायच्या. जेमतेम दोन ओळींचा बदल. नागामींनी शोध घेतला, ठिकाण गाठलं, अक्षरं मोठी केली. 'पश्चिम धक्का.' वर सरकले. बेटाचं नाव. ते नाव बघायला गेले की विरघळे. म्हणून त्यांनी मान वळवून कडेने वाचलं, आणि वाटलं, माकुराच. पूर्वी तिथे पायऱ्या आहेत की पक्षी, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. आता दोन्ही बेटांच्या ओळी जुळ्या बहिणींसारख्या. त्यांनी बदल केला आणि पाठवून दिला. ऑफिसात कुणाचाही बदल दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नसे, पण नागामींचा बदल फुकुमा न बघताच पुढे सोडायचा. गुरुजींची वही तपासायची म्हणजे काय? या अदबीनेच घात केला.

बदल पडला होता हाशी बेटावर.

शनिवारी वारा फिरला. हाशीच्या बोटीचा तांडेल वारा बघून नेहमीप्रमाणे पश्चिमेच्या धक्क्याला लागला, आणि पाटीवर मात्र उजळलं: पूर्वेचा धक्का. माणसं पूर्वेला जाऊन थांबली, बोचऱ्या वाऱ्यात, सामान पायाशी घेऊन. बोट जवळजवळ रिकामी सुटली. त्या माणसांत एक बाई होती. तिची बहीण वारली होती, दुपारी अंत्यविधी होता. दुसरी बोट थेट संध्याकाळी. ती पोचली तेव्हा सगळे दहन उरकून, अस्थी घेऊन परतले होते.

सोमवारी सकाळी फुकुमा उभ्या उभ्याच बोलला. बोटींच्या कंपनीचा फोन आला होता. त्याने बाईचंही सांगितलं. "काय झालं ते मला दुपारच्या आत कळायला हवं."

नागामींनी तेवढ्यात ओळखलं होतं, ही आपलीच ओळ. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्याआधी कादोवाकी बोलली.

"कुमादेची चूक आहे. ओळी लावताना दोन बेटांच्या नोंदींत गफलत झाली. माझ्याकडून झाली."

नागामी तसेच बसून राहिले. कुमादेला अर्थ बदलताच येत नाही, ते फक्त मोकळी जागा हलवतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. कुठली ओळ कुणाच्या हातून बदलली हे दोन कळा दाबल्या की दिसतं, हेही. तिने त्या दाबल्या असणारच. नागामींचं नाव बघितलं असणार. आणि तरी.

आता उठायचं होतं. "नाही, मी," एवढे दोनच शब्द. खुर्चीने त्यांना धरून ठेवलं नव्हतं, तेच खुर्चीला धरून बसले होते. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला, फुकुमा म्हणाला, "ठीक आहे, कोट घाल, निघू या," आणि बोलायची वेळ टळून गेली.

फुकुमा आणि कादोवाकी मिठाईचा खोका घेऊन बंदरावर गेले, वाकून माफी मागून आले. कंपनीने लेखी मागितलं. फुकुमाने लिहून दिलं की दोष मांडणीच्या हत्यारात होता आणि ते आजपासून बंद केलं आहे. त्या आठवड्यातच कुमादे थांबवलं गेलं आणि सगळा कोड होता तसा, जुन्या मांडणीत, परत ठेवला गेला.

गुरुवारी सकाळी नागामींनी फाइल उघडली. पायऱ्या. पक्षी. पोटुशी वादळं. सगळी पोरं घरी आली होती. एक श्वासभर त्यांना इतका आनंद झाला की छाती दुखली, आणि पुढच्याच श्वासाला ज्या किमतीत हे आलं ती किंमत आठवून त्यांनी स्क्रीन बंद केली. ज्यासाठी तोंड उघडायला हवं होतं ते तोंड न उघडताच पदरात पडलं होतं, आणि मोजलं होतं दुसऱ्याच कुणी.

तीनच्या चहाला सगळे जमले. कादोवाकी नेहमीसारखी बांबूच्या रवीने हिरवा चहा घुसळत होती. वाटी त्यांच्यापुढे ठेवताना ती काहीच बोलली नाही. एरवी ती म्हणायची, "घ्या, फेस बघा, तळ्यावर धुकं." नागामी वाटी तशीच ठेवून उठले आणि फुकुमाच्या खोलीत गेले. फुकुमा सवयीने अर्धा उठला. त्यांनी या वेळी त्याला बसवलं नाही.

"हाशीची ओळ मी बदलली. कुमादेचा काही संबंध नाही. मला दिसत नाही, फुकुमा. वर्ष झालं."

फुकुमा सावकाश खाली बसला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो शिक्का पडला तेव्हापासून. तुम्ही माझ्या आईच्या अंत्यविधीच्या वहीतसुद्धा नाव सरळ ओळीत लिहिणारा माणूस." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. मी कसं विचारणार? तुम्ही मला कळ दाबायला शिकवलंत."

"तुला माहीत होतं, आणि तरी न बघता माझा बदल सोडलास?"

फुकुमाने कपाळ दोन्ही हातांत धरलं. "हो. त्या बाईच्या दारात उद्या जाऊन उभा राहिलो तर हेच सांगावं लागेल. बघायला गेलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं की मला कळलंय."

बाहेर कुणीतरी वाट्या विसळत होतं. नागामी म्हणाले, "मग आता पत्र दुरुस्त कर. माझं नाव घाल. कादोवाकीचं हत्यार सुरू कर."

"नाही जमणार." आवाज मऊ होता, पण खाली भिंत होती. "पत्र गेलं. त्यांच्या वरिष्ठांनी वाचलं. आता हत्यार निर्दोष होतं म्हटलं तर आम्ही खोटं लिहून दिलं असं होतं, आणि मग त्यांचं आमच्याकडचं सगळंच काम जातं. सोमवारी बोलला असतात तर... सोमवारी काहीही करता आलं असतं, नागामीसान."

सोमवारी. ते गुरुवारी बोलत होते.

नागामी तासाभराने तिला शोधत गेले तेव्हा कादोवाकी गच्चीवर होती, थंडीत, कोटाशिवाय. त्यांची चाहूल लागूनही ती वळली नाही.

"का म्हणालीस तसं?"

"मग काय म्हणू? सगळ्यांदेखत तुमचं नाव घेऊ?"

"घ्यायचं होतं."

"आणि तुम्ही? तुम्हाला जीभ नाही?" ती गर्रकन वळली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली होती. "मला वाटलं, मी असं म्हटल्यावर तुम्ही उठाल. 'गप बस, वेडी कुठली' म्हणाल. मी वाट बघत उभी होते तिथे! फोन वाजला तरी बघत होते!"

नागामींनी चाचपून कठडा धरला.

"डोळ्यांचं आत्ता फुकुमासान सांगून गेले. ठीक आहे. डोळे जातात माणसाचे. पण मी इथेच, याच ठिकाणी विचारलं होतं तुम्हाला. एक ओळ घालायची होती फक्त. तुम्ही हसून उडवून लावलंत. आणि मी घरी जाऊन आईला फोन केला, नागामीसानांनी हो म्हटलं, नागामीसानांना माझं काम पसंत पडलं. रडत होते मी फोनवर, येड्यासारखी." तिने बाहीने नाक पुसलं. "आता मला कळतच नाही, तुम्ही हो कशाला म्हणालात. माझ्या कामाला, की तुमचं झाकायला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. 'कामाला' म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, कारण तिला तो ठेवायचाच होता.

"झाकायला," नागामी म्हणाले. "तुझं काम मी वाचलेलंच नाही. उन्हाळ्यातही नाही. अर्धं पान वाचलं आणि पुढे दिसेना. छान आहे म्हणालो ते खोटं होतं. चांगलं आहे की वाईट, मला माहीत नाही."

ती तळ्याकडे वळली. हंस एकमेकांवर खेकसत होते. शेवटी नागामींनीच विचारलं, आणि ते विचारायला त्यांना सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त बळ लागलं.

"वाचून दाखवशील?"

"आता? बंद पडलेलं वाचून काय करायचं?"

"काही नाही करायचं. मला ऐकायचंय."

खाली येऊन तिने खुर्ची त्यांच्या टेबलापाशी ओढली आणि रागारागाने वाचायला घेतलं, भराभरा, शब्द गिळत, जणू नकोसं काम उरकायचं. नागामी डोळे मिटून बसले. डोळे मिटल्यावर धुकं नव्हतं. ती वाचत गेली आणि त्यांच्या मनात ओळी उभ्या राहत गेल्या. थोड्या वेळाने तिचा वेग आपोआप उतरला.

"थांब. हे परत."

तिने परत वाचलं.

"भाषा कुठली ते इथे तुला विचारावंच लागत नाही?"

"नाही. व्याकरणच सांगतं. ओळ कुठे तोडली तर चालेल ते व्याकरणाला माहीत, कुठे तोडली तर बरी दिसेल ते मला."

"हं." ते पुढे झुकले. "आणि लिहिणाऱ्याने मधे दोन ओळी मोकळ्या सोडल्या असतील तर?"

"एकच ठेवते."

"का? दोन सोडणाऱ्याला काही म्हणायचं असेल."

"काय म्हणायचं असेल?"

"इथून दुसरं बेट सुरू झालं, असं."

"मग तसं लिहावं ना शब्दांत! मोकळ्या जागेत लिहिलेलं दुसऱ्याला कसं कळणार? तुमच्या फाइलीतल्या त्या पायऱ्या... मला वाटायचं तुम्हाला तसं सुंदर दिसतं म्हणून लावल्यात. त्या माकुराच्या आहेत हे कुणाला सांगितलंत कधी?"

"नाही सांगितलं."

"मग?"

"पण म्हणून तू पुसायचं?"

"पुसायला लागतं, सांगितलं नाही तर!"

भांडण चांगलंच पेटलं. नागामींनी टेबलावर हात आपटला, तिने पेन आपटलं, पलीकडून कुणीतरी डोकं वर काढून बघितलं. तिने चार ठिकाणी त्यांचं ऐकलं, एका ठिकाणी मुळीच ऐकलं नाही, आणि तिथे तीच बरोबर होती. शेवटची ओळ संपली तेव्हा नागामी म्हणाले, "चांगलं आहे. माझ्याच्याने झालं नसतं."

कादोवाकीने मान हलवली. तिच्या तोंडावर काय होतं ते त्यांना दिसलं नाही, आणि या वेळी ऐकूही काही आलं नाही. हेच बोलणं शरदात झालं असतं, तर कुमादे आज चालू असतं, दोन मोकळ्या ओळी राखून. पायऱ्यांच्या वर शब्दांत 'माकुरा' लिहिलेलं असतं. बाई बहिणीला उदबत्ती लावून आली असती. चांगलं आहे हे तेच शब्द होते; पण आता ते थंड झालेल्या साराच्या वाटीसारखे होते, ज्याला भूक लागली होती तो उठून गेल्यावर वाढलेले.

"वसंतात मी करार करणार नाही," ते म्हणाले.

"हं."

"तोवर रोज थोडं वाचशील? माझ्या फाइलीतलं. तू वाच, मी सांगतो काय कुठे आहे, तू शब्दांत लिही."

"बघू," ती म्हणाली. मग खुर्ची मागे सारत, "सकाळी लवकर या. दुपारी मला डुलक्या येतात."

दोघं एकदमच खाली उतरले. रस्त्यावर ओला बर्फ पडत होता, गाड्यांचे दिवे त्यात पसरले होते. चौकाशी आल्यावर नागामी थांबले. इतके दिवस ते शेजारची माणसं चालू लागली की त्यांच्या पावलांमागे चालू लागत. आज शेजारी तीच होती, आणि ती बॅगेत छत्री शोधत उभी होती.

"कादोवाकी, सिग्नल कुठला आहे?"

"हिरवा होता," ती म्हणाली. "आत्ताच लाल झाला. थांबा."